कापसाच्या काट्यावर लेकरू

माझी मुलगी दोन-अडीच महिन्यांची होती तेव्हा मला दूध कमी यायचं. एवढं साधं वाक्य, पण चारचौघांत ते म्हणायला मला वीस वर्षं लागली. बाईला स्वयंपाक येत नाही म्हटलं तर लोक हसून सोडून देतात. दूध येत नाही म्हटलं की असे बघतात, जणू तिनेच ते कुठेतरी लपवून ठेवलंय. माझा स्वभाव मुळात तापट. तेव्हा मी कुणाला तसं म्हणू दिलं नाही आणि स्वतःही म्हटलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

माझं माहेर वणीचं. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला होते, आम्ही कॉलनीत राहायचो. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. कॉलनीच्या दवाखान्यात दर आठवड्याला बाळाचं वजन करायचे आणि कार्डावर लिहून द्यायचे. त्या कार्डाचा मला फार अभिमान. आकडा वाढला की मी ते कार्ड शेजारणींना उगाच दाखवायची. सव्वा महिन्याने, दसरा झाल्यावर, सासरी निघाले तेव्हा पोरगी साडेतीन किलोची होती आणि माझी चोळी सारखी भिजत होती. दुधाची मला काळजीच नव्हती.

सासर महागाव तालुक्यातलं, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशासाठी यायचं ते इथे पुन्हा सांगत नाही. आमच्या घरात तसं काही झालं नाही. फक्त घरातली माणसं विखुरली. माझा नवरा शेती सोडून पांढरकवड्याला ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला होता आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. गावातल्या वेचणाऱ्या बायांना जीपवाले दूरच्या गावांना घेऊन जायचे. घरी उरलो आम्ही तिघं: सासरे, सासूबाई आणि मी. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना वावरात उभं राहवत नव्हतं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. आणि वावर तर पांढरं झालेलं.

मीच म्हणाले, मी जाते वेचायला. मला कुणी जा म्हटलं नाही. सासूबाई उलट म्हणाल्या, "ओली बाळंतीण हायेस, लोकं काय म्हणतीन?" मी म्हटलं, लोकांना वेचायला बोलवा मग. असं तोडून बोलायची मला खोड होती.

सीतादहीच्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून आम्ही वेचणी सुरू केली. सकाळी पोरीला पाजून मी निघायची. वावर दीड कोस. दुपारी एकदा पाजायला घरी यायची, परत जायची, संध्याकाळी यायची. मधल्या वेळात ती रडली तर सासूबाई खडीसाखरेचं पाणी बोटाने चाटवायच्या.

दुपारी घरी आल्यावरही लगेच पाजायचं नाही, अशी रीत होती. उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापतं, ते लेकराला बाधतं, म्हणून पहिल्या धारा पिळून टाकायच्या, अंग निवू द्यायचं आणि मग पदराखाली घ्यायचं. सासूबाईंनी त्यांची चारही लेकरं अशीच वाढवली होती. मी न्हाणीच्या दगडावर बसून दूध पिळून टाकायची आणि आतून पोरीचं रडणं ऐकायची. खाणीच्या कॉलनीत वाढलेली, कार्ड मिरवणारी मी, एका शब्दानेही विचारलं नाही की हे का. वाद घालायला मी कशावरही तयार असायची, पण लेकराला बाधेल म्हटलं की माझी बोलती बंद.

पहिला आठवडा वावरात अकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची, चोळी भिजायची, त्यावर धूळ बसून कडक डाग पडायचे. दुसऱ्या आठवड्यात कमी भिजली. तिसऱ्यात कोरडीच राहिली. आणि मी मूर्ख, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, अंगाला सवय झाली.

पोरगी मात्र रडू लागली. प्यायची, सोडायची, किरकिरायची, पुन्हा तोंड लावायची. सासूबाई कामाला लागल्या. अळिवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले, शेपूची भाजी तर रोज. शेवटी त्यांनी परसातल्या देवकापसाची सरकी काढली. हा कापूस त्या फक्त फुलवातींसाठी लावायच्या, त्याला औषधाचा फवारा कधी लागला नव्हता. सरकी रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं पाणी निघालं, ते गुळात शिजवून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हटलं, "आई, मी काय म्हैस आहे?"

"म्हशीले सरकी देल्ली की धार वाढते," त्या शांतपणे म्हणाल्या, "तं बाईले काहून नाही वाढणार? पे गुमान."

मी प्यायले. चव वाईट नव्हती. दूध काही वाढलं नाही, पण आपल्यासाठी कुणी दुखऱ्या गुडघ्यांनी पाट्यापाशी बसून सरकी वाटली, हे मी विसरले नाही.

वजनाचा विषय मीच काढला. गावात नर्सबाई महिन्यातून एकदा अंगणवाडीत यायच्या आणि त्या महिन्यात आल्याच नव्हत्या. कार्डावरचे रकाने रिकामे पाहून माझा जीव वरखाली व्हायचा. सासूबाईंना लेकरू तोलणंच मान्य नव्हतं, नजर लागते म्हणायच्या. पण मामाजी म्हणाले, "आपल्या घरी काटा हाय ना. कायले वाट पाह्यता कोणाची?"

आमचा काटा म्हणजे कापूस मोजायचा, दोन पारड्यांचा, ओसरीच्या तुळईला टांगलेला. संध्याकाळी वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी घेऊन यायच्या आणि मामाजी एकेक गाठोडं चढवायचे. मजुरी किलोवर, तेव्हा या पाच मिनिटांत दिवसभराच्या कंबरदुखीचा निकाल लागायचा. मामाजींचं पारडं नेहमी वेचणारीकडे थोडं झुकलेलं असायचं. गावभर त्यांचं हेच नाव होतं. ते म्हणायचे, "दिवसभर वाकलेली बाई हाय. पारडं बरोबरीत ठेवलं तं पाप लागते." जीपने न जाता ज्या चार बाया आमच्याकडे टिकल्या होत्या, त्या याच्यामुळेच.

दर शनिवारी गाठोडी झाली की एका पारड्यात मऊ लुगड्याची घडी आणि त्यात पोरगी. दुसऱ्यात लोखंडी मापं. मामाजी एका हाताने तिच्या पारड्याची साखळी धरायचे, लेकरू हलतं म्हणून. मापं मी स्वतः मोजायची. पहिल्या शनिवारी पावणेचार. मग चार. मग सव्वाचार, पुढच्या वेळीही तेवढंच. पाचव्या शनिवारी साडेचार. मी प्रत्येक आकडा कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवला.

आता सांगते ते माझ्या विरुद्ध जाणारं आहे, तरी सांगते. त्या पाच आठवड्यांत पोरीला अंघोळ घालताना तिच्या मांड्यांची कातडी सैल लागायची. झबलं वाढत्या अंगाचं म्हणून शिवलं होतं, ते ढगळच राहिलं. लंगोट दिवसाला चार-पाचच ओले व्हायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांना दिसत होतं. वेचणाऱ्यांतली एक म्हातारी बाई तर तोंडावर म्हणाली, "पोट्टी वाळून राह्यली तुही." मी फणकारले, "साडेचार किलोची आहे, काट्यावर मोजली आहे." काटा माझ्या बाजूने बोलत होता, म्हणून मी डोळ्यांचं ऐकलं नाही.

मग एका मंगळवारी नर्सबाई आल्या. लसीचा दिवस होता. अंगणवाडीत झोळीचा काटा आढ्याला लावला होता. पोरीला त्यात ठेवलं, काटा थरथरला आणि थांबला. तीन किलो आठशे.

मी म्हटलं, तुमचा काटा खराब आहे.

नर्सबाई चिडल्या नाहीत. त्यांनी बाजूच्या टेबलावरचं एक किलोचं सीलबंद साखरेचं पाकीट उचललं आणि झोळीत टाकलं. काटा बरोबर एकावर गेला. पोरीला पुन्हा ठेवलं. तीन आठशेच.

"घरी कोणी मोजलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कार्ड उलटं करून माझे आकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी मले सांग, दिवसातून किती वेळा पाजतेस?" मी सगळं सांगितलं. वावर, दुपार, न्हाणीचा दगड, पिळून टाकलेल्या धारा. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई वं, दूध काही तापत नाही. लेकराले पोटभर भेटत नाही अन् जे हाय ते तू फेकून राह्यली."

मी तिथेच रडले. आजूबाजूला बाया होत्या, त्यांच्यासमोर. मला सगळ्यात जास्त काय लागलं, तर ती दिवसभर उपाशी होती आणि मी तिला हट्टी म्हणत होते.

नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की आजार काही नाही, भूक आहे. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा गाठोडी मोजून झाली होती, बाया गेल्या होत्या आणि मामाजी मापं आवरत होते. मी पोरीला पारड्यात ठेवलं, समोर साडेचार किलोची मापं चढवली आणि म्हटलं, "मामाजी, हात काढा."

त्यांनी साखळीवरचा हात काढला. मापांचं पारडं खाली बसलं आणि पोरगी वर गेली.

सासूबाई दारात उभ्या होत्या.  मी पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "व्यापारी काटा मारतो त्याचा निदान त्याला फायदा असतो. तुम्ही माझ्या लेकराच्या जिवावर काटा मारला." ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा गुंजभर कापूस कमी मोजला नाही, त्याला मी काटामाऱ्या म्हटलं. सुनेने सासऱ्याला. आमच्या गावात हे कोणी ऐकलं असतं तर वर्षभर चघळलं असतं.

मामाजींनी हातातली मापं खाली ठेवली. मग म्हणाले, "पह्यल्या शनिवारी जराशीच वाढ होती. तुह्या तोंडाकडे पाह्यलं. म्हटलं, बाई घाबरली का दूध आटते, हिम्मत आली का उतरते. म्हणून पारडं झुकवलं. मंग पुढच्या वेळी मागं कसं यावं, समजलंच नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. काळजीने दूध आटतं हे नर्सबाईही म्हणाल्या होत्या. वेचणाऱ्या बाईला दिलेलं पावभर जास्तीचं वजन तिला घरी हसत पाठवायचं. त्यांना वाटलं, मलाही तसंच होईल. पण माझा राग त्या दिवशी गेला नाही. नंतरचे कितीतरी दिवस मी त्यांना जेवायला वाढायची आणि बोलायची नाही.

डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी सांगितलेलं सोपं होतं आणि करायला कठीण. लेकराला दर दोन तासांनी घ्यायचं, दोन्ही बाजू द्यायच्या, रात्रीही चुकवायचं नाही. उन्हातून या नाहीतर पावसातून, एक थेंब टाकायचा नाही. आणि तोवर वरचं दूध, त्यांनी लिहून दिलं तेवढंच, वाटी-चमच्याने, आधी अंगावर पाजून मगच. बाटली घरात आणायची नाही. मी वाटी-चमचा पहिल्यांदा हातात घेतला. आपण नापास झालो असं वाटत होतं. पोरगी चमचा अशी चाटू लागली की सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या म्हणाल्या, "माह्यामुळंच झालं. तापलं दूध, तापलं दूध, म्या कायले म्हटलं?" मी म्हटलं, आई, मी अडाणी आहे का ऐकायला? आणि तेव्हापासून त्या न्हाणीच्या दगडाचं नाव कुणी काढलं नाही.

आता मी वावरात जाऊ शकत नव्हते. दर दोन तासांनी पाजणारी बाई वेचणार कधी? पण बोंडं काही थांबत नाहीत. फुटलेला कापूस दोन दिवस राहिला की लोंबतो, खाली पडतो, माती धरतो. घरात कुणीच हा प्रश्न मोठ्याने विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर पोरीला घेऊन बसले होते. मामाजी बाहेर आले. त्यांनी खुंटीवरचं माझं ओटीचं फडकं, वेचलेला कापूस टाकायचं, काढलं आणि धोतरावर, कमरेला बांधू लागले. गाठ त्यांना जमेना. आमच्याकडे पुरुष वखर धरतो, फवारा मारतो, गाडी हाकतो. वेचणी बायांची. ओटी बांधलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, त्यांच्या वयाचा तर नाहीच. सासूबाई पुढे आल्या, त्यांनी गाठ मारून दिली आणि तोंड वळवून आत गेल्या. हसू आलं की रडू, मला दिसलं नाही.

वावरात काय झालं ते त्या चार बायांनी संध्याकाळी येऊन मला सांगितलं. एकीने म्हटलं होतं, "मामाजी, डोक्यावर पदर तं घ्या." दुसरी म्हणाली, "आज आमच्यात नवी सून आली." ते माझी पात, म्हणजे माझी ओळ, धरून वेचत राहिले. बायका दोन्ही हातांनी भराभर वेचायच्या, ते एका हाताने बोंड धरून दुसऱ्याने सरकीसकट कापूस ओढायचे, पानांचा कचरा वेगळा करायचे आणि मागे राहायचे. शेवटी ती म्हातारीच त्यांच्या पातीत शिरली आणि तिने त्यांना कसं वेचायचं ते शिकवलं. पहिल्या दिवसाचं त्यांचं गाठोडं आठ किलोही भरलं नाही.

ते रोज गेले. मी रोज पाजत राहिले. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी, किती दिवसांनी, माझी चोळी ओली झाली. मी ती कुणाला दाखवली नाही, पण दोनदा हात लावून पाहिलं. खरं सांगायचं तर माझं दूध तिला पूर्ण कधीच पुरलं नाही. वाटी-चमचा पुढेही बरेच महिने चालला. जे होतं ते तिला मिळत होतं आणि उरलेलं वाटीतून जात होतं. मला आधी हे हरल्यासारखं वाटायचं. पोरीला अर्थातच तसं काही वाटत नव्हतं, तिचं पोट भरत होतं.

पंधरा दिवसांनी नर्सबाईंनी वजनाला उपकेंद्रात बोलावलं होतं. मी दुपारीच जाऊन आले. संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन ओसरीवर आल्या, त्यांच्या मागून मामाजी. आता त्यांचं स्वतःचं गाठोडं असल्यामुळे काटा सासूबाईंकडे आला होता. बायांची मापं झाली, पारडं रिवाजाप्रमाणे त्यांच्याकडे झुकलं. शेवटी मामाजींचं गाठोडं चढलं. सासूबाईंनी पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "एकोणीस."

मामाजी जवळ गेले, मापं मोजली. "साडेअठरा हाय. साडेअठराच म्हण."

"अर्ध्या किलोनं काय होते?" एक बाई म्हणाली.

ते वळून माझ्याकडे पाहत उभे राहिले. गेले पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलत नव्हते आणि त्यांनी पोरीचं नावही काढलं नव्हतं. आता त्यांनी विचारलं, "अन् तिचं?"

मला खूप वाटत होतं, चांगला गोल आकडा सांगावा, त्यांना आनंद होईल. सव्वाचार म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? मी म्हटलं, "चार किलो दीडशे."

"बरोबर?"

"बरोबर. तीनदा ठेवून पाह्यलं."

मामाजी ओसरीच्या काठावर बसले आणि ढसाढसा रडले.  मी माझ्या सासऱ्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. माझा राग गेला तो तिथे, त्या क्षणी, आणि मला तो गेलेला कळला. मी पोरीला त्यांच्याजवळ नेलं. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं फाटली होती, पेरांवर रक्त वाळलं होतं. ते हात पुढे करत होते आणि पुन्हा मागे घेत होते. मग त्यांनी बोटं वर धरली, आणि लेकराला टोचू नये म्हणून तिला दोन्ही मनगटांवर घेतलं.